अपघाताची भरपाई: मोटार न्यायाधिकरण, रेल्वे, ग्राहक आयोग की दिवाणी कोर्ट?

माझ्या मावसभावाच्या स्कूटरला पूर्व द्रुतगती मार्गावर टेम्पोने मागून धडक दिली. हॉस्पिटलात त्याच्या उशाशी बसून मी पंचनाम्याची प्रत वाचत होते. कच्च्या नकाशात स्कूटर डिव्हायडरला चिकटून पडलेली, आणि फुटलेल्या लाइटच्या काचा मात्र डाव्या लेनमध्ये. एवढ्याशा गोष्टीवरून विमा कंपनीच्या वकिलाने पुढे म्हटलं, की स्वारानेच अचानक लेन बदलली. काचा जिथे पडल्या तिथेच धडक झाली, हे आम्हाला साक्षीदार आणून दाखवावं लागलं.

तेव्हापासून ओळखीत कुणाला लागलं की मला फोन येतो, ‘केस कुठे टाकू?’ मी आधी विचारते, चूक दाखवायला तुमच्या हातात काय आहे? कारण कुठल्या दारात गेलात यावर चूक सिद्ध करावी लागेल की नाही, आणि कुणी करायची, हे ठरतं.

वाहनाने उडवलं असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. अपघाताची जागा, तुमचं घर किंवा समोरच्याचा पत्ता, यांपैकी कुठल्याही हद्दीत अर्ज चालतो. पण आत गेल्यावर दोन वाटा आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे विचारतच नाहीत: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, विषय संपला. कलम १६६ खाली चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रक्कम खऱ्या नुकसानीवर ठरते. १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो, म्हणून घाईत सही करू नका.

फरक आकड्यांत बघा. ३५ वर्षांचा डिलिव्हरी करणारा मुलगा, महिना २०,००० कमाई, आणि कोर्टाने कमाईची क्षमता ४० टक्के गेली असं धरलं. ‘प्रणय सेठी’ निकालानुसार (२०१७) भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून महिना २८,००० होतात. ‘सरला वर्मा’ निकालातल्या (२००९) कोष्टकात या वयाला गुणक (वर्षाचं नुकसान ज्याने गुणायचं तो आकडा) १६. वर्षाच्या कमाईचे ४० टक्के गुणिले १६, हिशोब येतो २१,५०,४०० रुपये, औषधपाणी आणि वेदनांची रक्कम वेगळी. त्याची स्वतःची २५ टक्के चूक ठरली तरी १६,१२,८०० उरतात. अडीच लाखांशी याची तुलनाच नाही.

यात सगळ्यात जास्त भांडावं लागतं ते गेलेल्या कमाईच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांवर. डॉक्टरच्या दाखल्यावरची टक्केवारी शरीराची असते, कोर्टाला कमाईची हवी असते. ‘राजकुमार वि. अजयकुमार’ (२०११) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: हात गेलेला ड्रायव्हर आणि हात गेलेला कारकून यांचं नुकसान सारखं नसतं. म्हणून माणूस रोज नेमकं काय काम करत होता, याचा पुरावा जमवा.

पुराव्याला घाबरू नका. फौजदारी खटल्यासारखं संशयापलीकडे सिद्ध करायचं नसतं; असं घडल्याची शक्यता जास्त वाटली तरी पुरतं. ट्रिपल सीट होते एवढ्यावरून चूक तुमच्या गळ्यात पडत नाही, त्या चुकीमुळेच अपघात झाला किंवा जास्त लागलं हे दाखवावं लागतं (‘मोहम्मद सिद्दिक’, २०२०). दोन वाहनांच्या चुकीत तिसरा चिरडला, तर तो कुणा एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो. मुदत मात्र सहा महिन्यांची. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे, त्या भरवशावर बसू नका. वाहन सापडलंच नाही तर हिट अँड रन योजनेत मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,०००.

लोकलमधून पडलेल्यांचं गणित निराळं. ‘दारात का उभा होतास?’ हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो, पण रेल्वे दावा न्यायाधिकरणात त्यावरून रक्कम कापता येत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १२४अ खाली रेल्वेची चूक दाखवायची गरज नाही, आणि चढता-उतरता पडणंही त्यात बसतं, हे ‘रीना देवी’ निकालाने (२०१८) पक्कं केलं. मृत्यूला ८ लाख, दुखापतीला ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे. आत्महत्या, नशा, स्वतःचा गुन्हा, आजारपण यांना यात जागा नाही. रूळ ओलांडताना गाडीने उडवलं तरही ही वाट बहुधा बंद. माणूस प्रवासी होता हे आधी शपथपत्रावर मांडावं लागतं, मग ते खोडणं रेल्वेचं काम. पास सापडला नाही म्हणून दावा पडत नाही, पण सापडला तर सोपं जातं. हॉस्पिटलमधून कपड्यांची पिशवी मिळते, ती धुवायला टाकण्याआधी खिसे बघा. मुदत एक वर्ष.

हॉस्पिटलच्या चुकीसाठी ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. वकील सक्तीचा नाही. पण सिद्ध करायला हाच रस्ता सगळ्यात कठीण, असं माझं मत. ऑपरेशन फसलं म्हणजे निष्काळजीपणा झाला असं नाही. त्या विषयातला साधारण कुशल डॉक्टर असं वागला नसता, हे तुम्ही दाखवायचं (‘जेकब मॅथ्यू’, २००५). पोटात कापसाचा बोळा राहिला तर गोष्ट स्वतःच बोलते, एरवी दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं. केसपेपर लेखी मागा, ७२ तासांत द्यावे लागतात. सगळ्यांवर मोफत उपचार करणारं रुग्णालय मात्र ग्राहक कायद्यात येत नाही.

उरलं दिवाणी कोर्ट: सोसायटीची भिंत, उघडं गटार, पडलेलं होर्डिंग. वेळ फार जातो. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे लागलं असेल, तर आधी अशी भरपाई ठरवणाऱ्या समितीकडे जा: मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मृत्यूला ६ लाख आणि दुखापतीला ५०,००० ते अडीच लाख ठरवून दिले आहेत. त्याहून जास्त हवं म्हणून मुंबई महापालिकेवर दावा लावायचा, तर मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ५२७ प्रमाणे एक महिन्याची लेखी नोटीस आणि सहा महिन्यांत दावा. खड्डा त्याआधीच बुजवला जातो, म्हणून ज्या दिवशी लागलं त्याच दिवशी कुणाला तरी पाठवून फोटो काढून घ्या, मागे दुकानाची पाटी दिसेल असा.