घरासाठी दगड निवडताना: शहाबादी, कोटा, संगमरवर की ग्रॅनाइट?

फरशी घ्यायला गेलं की बहुतेकांची नजर आधी रंगावर जाते. माझा आग्रह असा की दगड मुळात कशाचा आहे ते आधी बघा. शहाबादी, कोटा, तांदूर, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड. संगमरवरही त्याच घराण्यातला, फक्त जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला. ग्रॅनाइटचं कूळ वेगळं. त्यात क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही कठीण खनिजं असतात. घरात पुढे जे काही बरंवाईट होतं, त्यातलं बरंचसं या एका फरकातून येतं.

दुकानदाराकडून नमुन्याचे तुकडे घरी आणा, त्यावर लिंबाचे दोन थेंब टाका आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुसा. संगमरवरावर बारीक बुडबुडे दिसतील, आणि पुसल्यावर तेवढ्या जागेची चकाकी गेलेली असेल. बोट फिरवलं तर किंचित खरखरीत लागेल. पॉलिश केलेल्या कोट्यावर आणि कडप्प्यावरही हेच होईल, ग्रॅनाइटवर काही होणार नाही. काळा ग्रॅनाइट म्हणून कुणी कडप्पा दाखवत असेल, तर तेही इथेच कळतं. 'सीलर मारला की काही होत नाही' हे मात्र अर्धंच खरं आहे. सीलरमुळे हळद, तेल, चहा आत मुरायला वेळ लागतो. आंबटाने दगडाचा पृष्ठभागच खाल्ला जातो, आणि ते सीलर थांबवू शकत नाही.

म्हणून ओट्यासाठी ग्रॅनाइट, यात मला दुमत वाटत नाही. चिंच, कोकम, दही, लिंबू रोजचंच असतं. कडप्प्याचे ओटे वर्षानुवर्षं चालले, आजही चालतात, पण काळा रंग हळूहळू राखाडी होतो. ओट्याखालच्या मांडण्यांना आणि कोठीच्या खोलीतल्या फळ्यांना मात्र कडप्पाच घ्या. तिथे ग्रॅनाइटवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

खरा पेच असतो तो बैठकीच्या खोलीतल्या जमिनीचा: कोटा की संगमरवर? मकराण्याचा पांढरा संगमरवर हा ताजमहालाचा दगड, आणि त्याच्यावर पडणारा उजेड दुसऱ्या कुठल्याही फरशीवर येत नाही. पण त्यातल्या कॅल्साइट या मुख्य खनिजाचा कठीणपणा खनिजांच्या 1 ते 10 या मोह्स मोजपट्टीवर 3, आणि चपलेबरोबर घरात येणाऱ्या वाळूचा 7. दारापासून सोफ्यापर्यंतची वाट काही वर्षांत निस्तेज होते आणि पुन्हा घासून घ्यावी लागते. हलक्या प्रतीच्या पांढऱ्या संगमरवरात लोहाचा अंश असेल, तर सतत ओल लागून तो पिवळा पडतो. साध्या राखाडी सिमेंटवर बसवला तर खालून काळपट छटा वर येते, म्हणून त्याला पांढरं सिमेंट लागतं.

कोटाही चुनखडीचाच, पण कण बारीक आणि पोत घट्ट. निळसर-हिरवट किंवा तपकिरी रंगात चरे चटकन दिसत नाहीत, आणि दिसू लागले तरी मशीन फिरवून पुन्हा पॉलिश होते. रोज माणसांची ये-जा असलेल्या, मुलंबाळं असलेल्या घरात मी कोटाच घालीन. संगमरवर देवघरात किंवा अनवाणी वावर असलेल्या निजायच्या खोलीत शोभतो आणि टिकतोही. तिथे तो हौसेने घाला.

शहाबादी येते कलबुर्गी जिल्ह्यातून, त्यामुळे आपल्याकडे ती स्वस्त आणि सहज मिळते. न घासलेली शहाबादी अंगणात, गच्चीवर, पार्किंगमध्ये उत्तम, कारण पावसाळ्यात पाय घसरत नाही. तिथे गुळगुळीत ग्रॅनाइट अजिबात नको. घालायचाच असेल, तर फ्लेम केलेला, म्हणजे ज्वाळेने पृष्ठभाग खरखरीत केलेला घ्या.

न्हाणीघरात बोअरचं पाणी असेल तर जरा थांबून विचार करा. क्षारांचे पांढरे थर बसतात आणि ते काढायला कुणीतरी ॲसिड ओततंच. त्यानंतर संगमरवर किंवा कोटा पूर्ववत होत नाही. अशा घरी ग्रॅनाइट, तोही पायाखाली खरखरीत.

भिंतीसाठी जाड फरशी नको. 10 मिलिमीटर जाडीचा दगडही चौरस मीटरला 27 किलोंच्या आसपास भरतो. तो दगडासाठीच्या चिकट रसायनाने बसवा, आणि उंच भिंत असेल तर धातूचे क्लॅम्पही लावून घ्या. उंचसखल तुकड्यांची भिंत फोटोत छान दिसते, पण प्रत्येक कंगोऱ्यावर धूळ बसते. एखाद्याच भिंतीला करा, स्वयंपाकघरात तर नकोच.

खर्च धरताना दगडाच्या दरात बसवणी, घासाई आणि पॉलिश मिळवा. कोट्याची किंमत कमी वाटते, पण घासाईचा खर्च धरला की ती बरीच वाढते. जुन्या फ्लॅटमध्ये आहे त्या फरशीवर नवा दगड चढवू नका. 25 मिलिमीटरचा दगड आणि खालचा 40 मिलिमीटरचा थर मिळून चौरस मीटरला जवळपास 150 किलो भार वाढतो, शिवाय सगळे दरवाजे खालून तासावे लागतात. जुनी फरशी काढूनच नवी घाला.

बसवून झाल्यावर, घासाईच्या आधी, प्रत्येक फरशी लाकडी मुठीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर ती त्याच दिवशी उचलायला लावा, कारण जड कपाट तिथेच आलं की तडा जातो. आणि सगळा माल एकाच लॉटचा घ्या. उन्हात शेजारी शेजारी मांडून, वर पाणी मारून रंग जुळतात का बघा, आणि चार-पाच फरश्या जास्तीच्या घेऊन ठेवा. नळ दुरुस्तीला फरशी फोडावी लागली, तर तोच रंग नंतर बाजारात मिळत नाही.