जुनी जॅझ की जुनी स्विफ्ट? छोट्या कुटुंबाची सेकंडहँड गाडी पारखताना

चार माणसं, दोन बॅगा, एखादी बाबागाडी आणि मोकळा वळणाचा रस्ता मिळाला तर चालवणाऱ्याला मजा यावी इतपत चपळाई. मागणं एवढंच असेल तर सेकंडहँड बाजारात फार भटकावं लागत नाही. टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर आणि हजार-अकराशे किलो वजनाची हॅचबॅक घ्यायची. टर्बो नाही म्हणजे तेलावर फिरणारा एक महागडा भाग कमी. वजन कमी म्हणजे ब्रेक, टायर, क्लच, बुश (सस्पेन्शनमधले रबरी सांधे) सगळं जास्त टिकतं. गाडी वळणावर चटकन वळते तीही त्याच वजनामुळे. म्हणून भरवसा आणि मजा या दोन गोष्टी या वर्गात एकमेकींच्या आड येत नाहीत. आड येतो तो आधीच्या मालकाचा हलगर्जीपणा.

या वर्गातली आमची पहिली पसंती होंडा जॅझ, दुसरी पिढी. काही देशांत हिचंच नाव फिट. जपानमध्ये ती २००७ला आली, बाकी ठिकाणी २००८पासून. लांबी ३.९ मीटर, चाकांमधलं अंतर अडीच मीटर. आकडे छोट्या गाडीचे, पण आत बसल्यावर हिशेब चुकल्यासारखा वाटतो. त्याचं कारण पेट्रोलची टाकी. इतर गाड्यांत ती मागच्या सीटखाली असते, जॅझमध्ये पुढच्या सीटखाली. त्यामुळे मागच्या सीटची बैठक सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी वर उचलून पाठीला टेकवता येते आणि पुढच्या सीटच्या मागे जवळपास सव्वा मीटर उंचीची जागा मोकळी होते. पुढचं चाक काढलेली सायकल, उंच कुंडी, उभी बाबागाडी काहीही मावतं. पाठ पाडली तर डिकीपासून सपाट जमीन मिळते. लहान मूल असलेल्या घरात ही सोय रोज वापरली जाते. बघायला गेल्यावर सीट दोन्ही तऱ्हांनी स्वतः हलवून पाहा. रुळांत वाळू-खाऊ अडकून खिट्टी बसत नाही अशा गाड्या बऱ्याच असतात. साफ केलं की बहुतेक वेळा सुटतं.

इंजिनं देशागणिक वेगळी आहेत. १.२, १.३ आणि १.५ लिटर ही नेहमी दिसणारी. १३३९ सीसीचं इंजिन युरोपात १०० पीएसचं (अश्वशक्तीचं) होतं, पण त्याचा १२७ एनएमचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, मिळतो ४८०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). म्हणजे खालच्या आरपीएमवर ते सुस्तच वाटणार. चार हजारांच्या पुढे न्या, मग गाडीचा स्वभाव बदलतो. ज्याला इंजिन ओढून चालवायला आवडतं त्याला ही गंमत कळते, ज्याला चौथ्या गिअरमध्येच सगळं उरकायचं असतं त्याला जॅझ निरस वाटेल. गिअर लिव्हर मात्र कुणालाही आवडावा असा, छोट्या झटक्यांचा आणि नेमका. दुसरी बाजूही सांगायला हवी. टायरचा आवाज आत फार येतो, आणि १.५ मॅन्युअलचा पाचवा गिअर इतका आखूड आहे की शंभराच्या वेगाला आरपीएम तीन हजारांवर जातो. रोज लांबचा महामार्ग असेल तर हा गोंगाट तासाभरात अंगावर येतो.

हिच्यात बिघडतं काय? इंजिनात टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. वेळेवर तेल बदललं असेल तर तिकडे बघावं लागत नाही. पण व्हॉल्व्हची फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक लिफ्टर नाहीत, हाताने जुळवायचे स्क्रूचे टॅपेट आहेत. हे सेटिंग कित्येक मालक कधीच करून घेत नाहीत. टॅपेट वाजतात तेव्हा निदान कळतं. फट कमी होते तेव्हा आवाज येत नाही, उलट इंजिन छान शांत वाटतं आणि आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळत जातो. त्यामुळे लाखभर किलोमीटर झालेल्या जॅझच्या कागदांत टॅपेट सेटिंगची नोंद शोधा. नसेल तर घेतल्यावर पहिलं काम ते. इंजिन पूर्ण थंड असताना करायचं काम आहे, अर्धा दिवस गाडी ठेवावी लागते. बाकी तक्रारी किरकोळ आहेत. इग्निशन कॉइल दमते आणि जोर लावताना इंजिन झटके देतं. मागच्या दिव्यांच्या किंवा डिकीच्या सांध्यांतून पाणी झिरपून स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं. डिकीतला गालिचा उचला, हात घाला, ओल आणि गंज तिथेच कळेल.

दोन ठिकाणी मात्र पाय रोवून उभं राहायचं. पहिलं, युरोपात सुरुवातीच्या वर्षांत विकलेला आय-शिफ्ट हा आपोआप क्लच दाबणारा गिअरबॉक्स. तो रखडत चालतो, आणि होंडाने २०११मध्ये तो काढून तिथे सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) दिला यातच काय ते आलं. आय-शिफ्टवाली जॅझ कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. सीव्हीटी चालेल, पण तेल कधी बदललं आणि होंडाचंच घातलं का, याची पावती हवी. दुसरं, टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचं रिकॉल. त्या फुगवणीतला अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतो आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. जॅझ-फिटच्या या पिढीतल्या बऱ्याच गाड्या त्यात येतात. चॅसी नंबर कंपनीच्या रिकॉल पानावर टाका किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. काम फुकट होतं, म्हणून ते न केलेल्या गाडीला नाही म्हणायची गरज नाही. पण कुटुंबाला बसवायच्या आधी ते झालंच पाहिजे.

सुझुकी स्विफ्ट ही दुसरी पसंती, आणि निव्वळ चालवण्याच्या मजेसाठी पहिली. २०१०ची पिढी १.२ लिटरच्या के-१२ इंजिनासह आली, तेही चेनवालं आणि दणकट. गाडी हलकी आणि नाक चटकन वळतं. २०१२ ते २०१७ या काळातली स्विफ्ट स्पोर्ट तर १.६ लिटर, १३६ पीएस, सहा गिअर आणि टर्बो नाही. अशी जोडी आता नव्या गाड्यांत फारशी मिळत नाही. पण डिकी साधारण २१० लिटरची. बाबागाडी आडवी घातली की बॅग मागच्या सीटवर जाते. २०१७च्या पिढीत ती २६५ लिटरच्या घरात गेली आणि वजनही उतरलं, म्हणून खिसा परवानगी देत असेल तर तीच पाहा. डिझेल स्विफ्टचं १२४८ सीसीचं इंजिन फियाटच्या घरचं, ओढायला झकास. पण तेल बदलायला टाळाटाळ झाली की चेन ताणते, आणि काजळी गाळणारा डीपीएफ असलेल्या गाडीला शाळा-बाजाराच्या छोट्या फेऱ्या सोसत नाहीत. फिल्टर गरम व्हायच्या आतच इंजिन बंद होतं, तो तुंबत जातो. छोट्या फेऱ्यांच्या घराने डिझेल घेऊच नये.

स्विफ्टवरून एक गोष्ट समजून घ्यावी. २०१० साली युरो एनकॅपच्या अपघात-चाचणीत तिला पाच तारे मिळाले. २०१४ साली ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली स्विफ्ट आदळून पाहिली, मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तारे शून्य. नाव आणि चेहरा तोच. तेव्हा तारे इंटरनेटवर मोजू नका. समोरच्या गाडीत एअरबॅग किती, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आहे का, मागे मुलाची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक आहेत का, हे बोट लावून पाहा. लहान मुलाची सीट बरोबर न्या आणि बसवून बघा. मागे तोंड करून बसणारी सीट लावल्यावर पुढची सीट किती सरकते आणि तुमचे गुडघे डॅशबोर्डला लागतात का, हे माहितीपत्रक सांगत नाही.

माझदा २ (२००७ची पिढी) आधीच्या मॉडेलपेक्षा सुमारे शंभर किलो हलकी झाली आणि २००८मध्ये वर्ल्ड कार ऑफ द इयर ठरली. चालवायला स्विफ्टच्या तोडीची, इंजिन चेनचं, मागची बैठक मात्र अरुंद. जिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात तिथली असेल तर मागच्या चाकांच्या कमानी आणि दाराखालचा पट्टा गंजासाठी दाबून पाहा. फोर्ड फिएस्टाचं (२००८ची पिढी) स्टिअरिंग या सगळ्यांत सरस, पण ती निवडून घ्यायची गाडी आहे. १.२५, १.४ आणि १.६चं साधं पेट्रोल मॅन्युअल चांगलं, फक्त त्यात टायमिंग बेल्ट आहे. बदलल्याची पावती नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. १.० इकोबूस्टमध्ये बेल्ट इंजिनच्या तेलात बुडून फिरतो. कंपनीने त्याची मुदत १० वर्षं किंवा २,४०,००० किमी सांगितली होती. भलतं तेल घातलं किंवा बदलायला उशीर केला की बेल्टचं रबर सुटून तेलपंपाची जाळी तुंबते, तेलाचा दाब पडतो आणि इंजिन जातं. पॉवरशिफ्ट ऑटोमॅटिकच्या ड्राय क्लचच्या तक्रारी जगभर गाजल्या आहेत. तिच्या वाटेला जाऊ नका.

आता प्रत्यक्ष पाहणी. विकणाऱ्याला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. कोमट असेल तर काहीतरी लपवायचं असू शकतं, दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांचा आवाज सर्वांत बोलका असतो. चेनची खडखड तेव्हाच ऐकू येते. सायलेन्सरमागे एक माणूस उभा करा. सुरू करताच निळ्या धुराचा एक फुगा आला तर व्हॉल्व्ह सील, ओढताना सतत निळा आला तर पिस्टनच्या रिंगा. पांढरा, गोडसर वासाचा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर हेड गॅस्केट. तेलाच्या झाकणाखाली काळा, डांबरासारखा थर असेल तर पुढचं काही बघायची गरज नाही.

मग बॉनेटचे आणि मडगार्डचे बोल्ट. पान्याच्या खुणा असतील, रंग उडाला असेल तर तो भाग उतरवला गेला आहे. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. दोनशेवर गेला तर पुन्हा रंगवलाय, चारशे-पाचशेवर गेला तर खाली पुट्टी आहे. दरवाजाला खरचटलं म्हणून रंगवणं माफ. छत आणि खांब रंगवलेले असतील तर नाही. पुरात सापडलेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही.

मीटर फिरवलाय का, हे मीटरकडे बघून कळत नाही. पेडलची रबरं, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटची दबलेली कड पाहा. चाळीस हजार किमी झालेल्या गाडीच्या क्लचपेडलचं रबर गुळगुळीत होत नाही. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. फक्त आतल्या कडेने झिजलेले टायर अलाइनमेंट किंवा बुश गेल्याचं सांगतात.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) जवळ ठेवा. एरर कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका. रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पुऱ्या केल्या का, हे सांगणारे) ‘पूर्ण नाही’ दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. चालवताना चौथ्या गिअरमध्ये पन्नासच्या वेगाला पूर्ण ॲक्सिलेटर द्या. आरपीएम चढला आणि वेग नाही चढला तर क्लच प्लेट संपली. पूर्ण वळवून हळू फिरवताना पुढून कटकट आली तर ॲक्सलचा सीव्ही जॉइंट. खर्च मध्यम, पण भाव करायला मुद्दा भक्कम.

ठरवलेल्या रकमेतला दहा-पंधरा टक्के भाग गाडीत घालूच नका, पहिल्या सर्व्हिससाठी बाजूला ठेवा. जॅझला फिल्टरसह साधारण साडेतीन लिटर ०डब्ल्यू-२० तेल लागतं, स्विफ्टच्या १.२ला तीन लिटरच्या आसपास. सोबत गिअरबॉक्सचं तेल, कूलंट, दोन्ही हवेचे फिल्टर (इंजिनाचा आणि केबिनचा) आणि ब्रेक ऑइल. हे शेवटचं दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि जवळजवळ कुणी बदललेलं नसतं. काळसर चहासारखं दिसलं तर तेच आधी करा, तेल-फिल्टर आठवड्याने झालं तरी चालेल.