हमखास प्रश्नांचा एजंट की रोजचं उत्तरलेखन?
राज्यसेवेची तयारी करणाऱ्याला ‘हमखास येणारे प्रश्न’ विकणारा कुणीतरी भेटतोच. पैसे आगाऊ, खात्री तोंडी. दुसरी वाट कंटाळवाणी आहे: रोज दोन उत्तरं हाताने लिहायची, जाणत्याकडून तपासून घ्यायची, खाडाखोड पाहून पुन्हा लिहायची. २०२५पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, त्यामुळे मुद्देसूद लिहिण्याची सवय महिनोन्‌महिने मुरावी लागते. ती विकत मिळत नाही. म्हणून मी निःसंशय दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे.

आणि या तयारीत अध्यात्माचं काय? ताईत देऊन निकालाची हमी देणारा बाबा मला त्या एजंटाहून वेगळा वाटत नाही. तुकोबांनी नवसाला झोडपलं, अभ्यासाला मान दिला. नामस्मरणाने मन स्थिरावत असेल तर पहाटे जरूर करा. लगेच लिहायला बसा.