पालखीच्या मुक्कामातलं चप्पल-पिशवी दुरुस्ती शिबिर: मशीन घेऊन बसलेल्या बाईचं मत

पाचपैकी साडेतीन गुण. चार दिले असते, पण पैशाच्या हिशेबावरून अर्धा कापला. ते पुढे येईलच.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझ्या बोलण्याला किती भाव द्यायचा ते तुम्हाला ठरवता येईल. नाना पेठेत माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. ब्लाउज, शाळेचे गणवेश, पडद्यांच्या कडा, बॅगांच्या चेन. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात उतरते आणि तुकोबांची आमच्या निवडुंग्या विठोबाला. दोन मुक्काम असतात. त्या दोन दिवसांत इकडच्या पेठांमधल्या शाळा, मंगल कार्यालयं, जुन्या वाड्यांचे बोळ, सगळीकडे दिंड्या. घरातून भाजीला निघालं तरी वाट काढावी लागते. यंदा पलीकडच्या गल्लीतल्या एका गणेश मंडळानं वारकऱ्यांसाठी चप्पल आणि पिशव्या फुकट दुरुस्त करून द्यायचं शिबिर भरवलं. त्यात मी माझं पायमशीन घेऊन बसले. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण भाद्रपदात त्यांनाच वर्गणी द्यायची आहे.

असं शिबिर लागतं तरी कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी. पालखीच्या दिवसांत पुणेकर दान करायला इतके उतावीळ असतात की लक्ष्मी रस्त्यावर वारकऱ्याला पाऊल पुढे टाकू देत नाहीत. केळी, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटांचे पुडे, चहा, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकचे रेनकोट. एका माउलींच्या हातात चार केळी आणि तोंडात पाचवं पाहिलंय मी, आणि तरी समोरून एक ताई सहावं पुढे करतच होत्या. त्यातून पालखी पुण्यातून हलते ती एकादशीला. बहुतेकांना उपास. आणि त्या दिवशी ज्ञानोबांच्या सोबत चालणाऱ्यांना पुणे ते सासवड गाठायचं असतं, दिवेघाट चढून. या वाटेवरचा सगळ्यांत लांब टप्पा तोच. त्या पहाटे पोह्यांचं पातेलं घेऊन हडपसरच्या रस्त्याला उभं राहणाऱ्यांना काय म्हणावं मला कळत नाही. पोहे चांगले असतीलही, पण ते खाणार कोण?

घाटात पोटापेक्षा पायाची काळजी जास्त असते. चप्पल आळंदीहून निघताना नवी घेतलेली असली तरी इथे येईपर्यंत तिचा अंगठा निघालेला असतो नाहीतर पट्टा. पावसात भिजली की सोल्यूशननं चिकटवलेले स्वस्त सँडल तोंड उघडतात. रस्त्यावरच्या चांभारमामांकडे रांग असते आणि खिशात पैसे मोजके. तेव्हा कल्पनेला पैकीच्या पैकी.

मांडवात तीन मामा चप्पलचं काम करत होते. रापी, आरी, ऐरण, मेण लावलेला दोरा, आपापलं सामान घेऊन आलेले. पिशव्यांना मी आणि माझ्याच ओळखीतली एक वहिनी. मंडळाची कॉलेजातली पोरं नोंद करायला, चहा आणायला आणि फोटो काढायला. फोटो काढायलाच जास्त.

माझ्याकडचं काम सांगते, कारण त्यातलं मला कळतं. सर्वांत जास्त आल्या त्या खांद्याच्या पिशव्या, पट्टा मुळातून उपटलेल्या. अवजड सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं, पण अंगावरच्या पिशवीतही कमी नसतं: औषधं, हरिपाठ, एक लुगडं, टाळ, डबा. पट्टा नुसता आडवा शिवून भागत नाही. चौकोन शिवून त्यात फुली मारायची, आतून जाड कापडाचा तुकडा लावायचा, तर तो पंढरपूरपर्यंत जातो. सुई अठरा नंबरची घ्या. ब्लाउजची सुई घेऊन बसाल तर पहिल्या तासातच डबी रिकामी होईल. नायलॉनच्या पट्टीची कापलेली टोकं मेणबत्तीवर धरली की उसवत नाहीत.

चेनचं म्हणाल तर दहातल्या आठ चेन बदलाव्या लागत नाहीत. दात चांगले असतात, रनर सैल झालेला असतो. बारीक पक्कडीनं दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला की चेन पुन्हा लागते. तेही नाही जमलं तर फक्त रनर बदलायचा. मंडळानं पुड्यानं नव्या चेन आणून ठेवल्या होत्या, रनर मात्र एकही नाही. मी माझ्याकडचे नेले म्हणून बरं. हिंगोलीकडच्या एक आजी बॅग पुढे करून म्हणाल्या, "माय, ही गेली का आता कामातून?" रनर दाबून चेन ओढून दाखवली तर त्यांनी ती स्वतः पाच-सहा वेळा मागेपुढे करून पाहिली. मग शेजारणीची बॅगही घेऊन आल्या. मग आणखी दोघींच्या. शेवटी मी त्यांनाच पक्कड धरायला शिकवलं.

रेनकोट मात्र शिवायला घेऊ नका. हातात घेतला की लोकांना वाटतं दोन टाके घातले म्हणजे झालं. प्लास्टिकला सुईनं भोकं पडतात आणि तिथूनच तो पुढे फाटत जातो, शिवाय पाणी आत येतं ते वेगळंच. रुंद चिकटपट्टी आतून-बाहेरून लावायची, बस. पखवाजाचा गळ्यात अडकवायचा पट्टा एक जण घेऊन आले होते, तो मी दुहेरी करून शिवला. टाळाची दोरी मात्र त्यांची ते ओवतात. आपण फक्त चांगली सुती दोरी द्यायची आणि बाजूला व्हायचं.

चप्पलच्या बाजूचा खरा घोळ झाला तो ओल्या चप्पलांचा. ओल्या सोलला सोल्यूशन धरत नाही. आधी पुसून वाळवायचं, दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावून थोडं सुकू द्यायचं, मग दाबायचं. म्हणजे चप्पल तासभर तरी ठेवून घ्यावी लागते. आणि तोवर त्या माणसानं काय करायचं? अनवाणी चिखलात उभं राहायचं? आयोजकांनी याचा विचारच केला नव्हता. पहिल्या संध्याकाळी मांडवापुढे अनवाणी माणसांची रांग आणि त्यांच्या वर मोठ्ठा फ्लेक्स: सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो आणि खाली "वर्ष पहिले". तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 मध्ये सुरू केलेल्या सोहळ्याच्या वाटेवर "वर्ष पहिले" लिहायला छाती लागते. दुसऱ्या दिवशी पोरांनी घराघरांतून जुन्या स्लिपरा गोळा करून आणल्या आणि चप्पल दुरुस्त होईपर्यंत त्या पायात घालायला दिल्या. हे त्यांना स्वतःला सुचलं, कुणी सांगितलं नव्हतं. त्याबद्दल कौतुक.

टोकनचंही तसंच. पहिल्या दिवशी चप्पलांवर खडूनं आकडे लिहिले. पावसाळ्यात. मी गणवेशाच्या चिंध्या कापून त्यावर पक्क्या शाईनं नंबर लिहून दिले, एक तुकडा चप्पलला बांधायचा आणि एक माउलींच्या हातात. पण नुसता नंबर पुरत नाही. दिंडीचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि ती रथाच्या पुढची की मागची तेही. ज्ञानोबांच्या रथापुढे 27 दिंड्या असतात आणि मागे कितीतरी. त्यातही पालखी ज्ञानोबांची की तुकोबांची हे आधी लिहा, कारण तोच क्रमांक दोन्हीकडे सापडतो. एवढं लिहिलेलं असेल तर मागे राहिलेली वस्तू पोचवता येते. एकादशीच्या सकाळी न नेलेले जोड आणि दोन पिशव्या उरल्या होत्या. एक पोरगा स्कूटरवरून हडपसरला घेऊन गेला. गाडीतळाच्या पुढे दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात, त्याच्या आत गाठलं तर ठीक. ज्यांच्या टोकनावर दिंडी लिहिली होती त्यांच्या वस्तू मिळाल्या. बाकीच्या अजून मंडळाच्या कार्यालयात आहेत.

आता पैशाचं. मंडळानं या शिबिरासाठी व्यापाऱ्यांकडून देणगी घेतली होती. मांडववाल्याला पैसे दिले, फ्लेक्सवाल्याला दिले, टी-शर्ट छापणाऱ्याला दिले. ज्यांच्या हातांवर सगळं शिबिर उभं होतं त्या तिघांना शाल आणि नारळ. मी खजिनदारांना विचारलं, मामांच्या रोजाचं काय? ते म्हणाले, "काकू, सेवेचे पैसे घ्यायचे नसतात." मी म्हटलं, मांडववाल्यानं घेतले ते? त्यावर ते हसले आणि फोन वाजल्यासारखं करून निघून गेले.

माझं म्हणणं साधं आहे. बँकेतला माणूस रजा टाकून सेवेला येतो तेव्हा त्याचा पगार चालू असतो. मी दोन दिवस दुकान बंद ठेवलं, ऐन गणवेशांच्या हंगामात, तर माझं काम पुढे ढकललं जातं आणि गिऱ्हाईक ओरडतं, पण ते परत येतं. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या मामांचं तसं नाही. पालखीचे दोन दिवस म्हणजे त्यांच्या वर्षातली चांगली कमाई. ती सोडून ते मांडवात बसले. त्यांना रोज द्यायला हवा होता, आणि तो न मागता द्यायला हवा होता.

मामांना विचारलं तर तिघांची तीन उत्तरं. सगळ्यांत थोरले म्हणाले, माझा बापही पालखीला फुकटच शिवायचा, मला नको, दोऱ्याचे आणि सोल्यूशनचे तेवढे द्या. मधले काही बोलले नाहीत. धाकटे म्हणाले, द्या की, घरी पोरं आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या एका किराणा दुकानदारानं कुणाला न सांगता तिघांपुढे पाकिटं ठेवली. थोरल्या मामांनी त्यातून दोऱ्याचे पैसे मोजून घेतले आणि उरलेले निवडुंग्या विठोबाच्या दानपेटीत टाकून आले. धाकट्यांनी पाकीट खिशात घातलं आणि अंधार पडेपर्यंत मान वर न करता काम केलं. दोघांचंही मला पटलं. मंडळाचं पटलं नाही. म्हणून अर्धा गुण कमी.

पुढच्या वेळी कुणाला अशा शिबिरात काम करायचं असेल तर हातात काही कसब घेऊन जा. केस कापता येतात? जा. न्हावी मंडळींची रांग दोन्ही दिवस हटत नव्हती. पाय चेपता येतात, जखमेला पट्टी करता येते, मोबाइलच्या चार्जरचा तुटलेला पिन बदलता येतो, छत्रीची काडी बसवता येते? तुमची वाट पाहतायत. काहीच येत नसेल तर कचरा उचलायला या. मी हे टोमणा म्हणून म्हणत नाही. केळ्यांची सालं आणि कागदी पेले दुपारपर्यंत पायाखाली गच्च साचतात, आणि ते गोळा करणारे आमच्या मांडवात दोघंच होते. लहान मुलांना घेऊन आलात तरी चालेल, टोकन बांधायला बारीक बोटं उपयोगी पडतात. फक्त टी-शर्ट घालून फोटोपुरतं यायचं असेल तर पहिल्या संध्याकाळी या, तेव्हा कॅमेरेवाले असतात.

खरी गर्दी मधल्या दिवशी दुपारनंतर असते. सकाळी माउली अंघोळी, कपडे धुणं, तुळशीबाग असं उरकतात. मग चप्पल आठवते. त्या रात्री उशिरापर्यंत बसायची तयारी ठेवा, कारण पहाटे पालखी हलते. मशीन नेणार असाल तर पायमशीनच न्या. मांडवातले दिवे रात्री दोनदा गेले. मोटरवालं मशीन घेऊन आलेल्या वहिनी त्या वेळी मला बॉबिन भरून देत बसल्या.

मंडळानं पुढच्या वर्षी पुन्हा शिबिर घ्यायचं ठरवलंय. मी येईन म्हणून सांगितलंय, पण रोजाचा ठराव बैठकीत आधी लिहून घ्या, मगच. खजिनदार "बघू" म्हणाले. तोवर ज्यांच्याकडे जुन्या स्लिपरा पडल्या असतील त्यांनी धुऊन, जोडी दोऱ्यानं एकत्र बांधून, माझ्या दुकानात आणून द्याव्यात. यंदा निम्म्या पिशव्यांतून डाव्याच पायाच्या निघाल्या. आणि मोठ्या मापाच्या आणा हो, शेतकऱ्यांचे पाय असतात ते.