रविवारी काय बघायचं: ‘नवरा माझा नवसाचा’ की ‘मुंबई-पुणे-मुंबई’?

दोन्ही चित्रपटांची सुरुवात मुंबईतून, दोन्ही विनोदी. पण दुखणं वेगळं.

सचिन पिळगांवकरांच्या ‘नवरा माझा नवसाचा’मध्ये (2004) संसार जुना आहे, मूल नाही. नवऱ्याच्या वडिलांनी बोललेला नवस असा की पोराला, म्हणजे या नवऱ्यालाच, नागडं गणपतीपुळ्याला न्यायचं! मूल व्हावं म्हणून नवस फेडायचाच, या हट्टाला बायको पेटलेली, नवऱ्याची पाचावर धारण. हे घरातलं भांडण एसटीत येतं आणि अख्खी गाडी त्यात पडते. अशोक सराफांचा कंडक्टर तर कितीही पाहिला तरी माझं मन भरत नाही. हसताना एक गोष्ट मात्र टोचते: मुलासाठी बाईचा जीव किती टांगणीला लागतो!

सतीश राजवाडेंचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (2010) छोटेखानी. मुलगी स्थळाला नकार द्यायला पुण्यात येते, एक पोरगा भेटतो, दिवसभर नुसत्या गप्पा. मुंबई थोर की पुणे, हा वाद स्वप्निल जोशी आणि मुक्ता बर्वे इतक्या खुन्नसने घालतात की प्रेम कधी डोकावलं ते कळतच नाही. मात्र संथ गती ज्यांना सोसत नाही, त्यांना कंटाळा येईल.

आईवडील, मुलं सगळी जमली असतील तर बेधडक पहिला लावा. लग्न ठरायचंय किंवा नुकतंच ठरलंय, अशा दोघांनी दुसराच बघावा.