ओशिवऱ्याचा जुना फर्निचर बाजार: जाताना टेप न्याच

आमचा हॉल जेमतेम दहा बाय चौदा. नवऱ्याला हवा सोफा-कम-बेड, मला आजोळी होतं तसं जाळीचं सागवानी कपाट. म्हणून जोगेश्वरी पश्चिमेच्या रिलीफ रोडवर सलग दोन रविवार घालवले.

पहिल्याच दुकानात ‘बर्मा टीक, शंभर वर्षं जुनं, पारशी घरातलं’ असं म्हणत एक ड्रेसर गळ्यात मारायला निघाले होते. मी खण उपसून उलटा केला. तळाला प्लाय, कोपऱ्यात चकचकीत स्टार स्क्रू! शंभर वर्षांपूर्वी कुठले आलेत? वर ‘जुनं’ पॉलिश बोटाला लागलं ते वेगळंच.

कपाट मिळालं ते गल्लीच्या टोकाला, एका चाचांकडे. खणाचे सांधे हातानं कापलेले, एक दात दुसऱ्यासारखा नाही. मागच्या फळ्या खरबरीत, भिंतीकडची बाजू कोण कशाला रंधणार? सांगितले बावीस हजार, दिलं साडेचौदाला. टेम्पो आणि हमाली वेगळी. तीही तिथेच ठरवा, दारात आल्यावर भाव वाढतो. लिफ्टची मापं मी घेतली नव्हती. चार मजले जिन्यानं.

सोफा मात्र नवाच घेतला. जुन्या गादीतल्या ढेकणांशी लढायची माझी हिंमत नाही. वेताच्या खुर्च्यांचाही मोह आवरला, कारण बैठक फाटली की पुन्हा विणून देणारा शोधत फिरावं लागतं.

कपाटाच्या जाळीमागे सध्या लोणच्याची बरणी आणि वाय-फायचा राउटर शेजारी नांदतायत.