महापालिकेच्या दफनभूमीचा अनुभव: नोंदवही चोख, वारसांशी संपर्क कच्चा

माझी थोरली बहीण अक्का आणि भाऊजी, दोघांची कबर महापालिकेच्या दफनभूमीत आहे. कबर एकच, पण दोन थरांची. भाऊजी आधी गेले, अक्का बऱ्याच वर्षांनी. दोन्ही वेळेला कार्यालयातलं कागदांचं काम माझ्याकडे आलं. मधल्या काळात स्मृतिशिला बसवणं आणि अक्कानंतरची वारस नोंद हेही मीच पाहिलं. माझी सगळी नोकरी जमीन मोजणीत गेली, त्यामुळे नकाशा, हद्द आणि नोंदवही यांच्याकडे माझं लक्ष आधी जातं. झाडं आणि स्वच्छता दोन्ही ठीक आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

घरातल्या कुणालाच सहसा माहीत नसलेली गोष्ट आधी सांगतो. इथे जमीन विकत मिळत नाही. पैसे भरल्यावर मिळतो तो अमुक विभागातल्या, अमुक ओळीतल्या, अमुक क्रमांकाच्या जागेत दफन करण्याचा हक्क, तोही मुदतीचा. जमीन महापालिकेचीच राहते. म्हणून ही जागा बाहेरच्या कुणाला परस्पर विकता येत नाही. राखून ठेवलेली जागा वापरायची नसेल तर ती महापालिकेलाच परत करायची. जागेवर दगड बसवायचा हक्क वेगळा, त्याची परवानगी वेगळी. कबर खोदण्याचं आणि पुन्हा उघडण्याचं शुल्कही वेगळं, ते त्या त्या वेळी भरायचं. जागेचे पैसे भरले म्हणजे सगळं झालं असं समजून आलेली माणसं मी त्या खिडकीवर हुज्जत घालताना पाहिली आहेत. दोष त्यांचा नाही, त्यांना हे आधी कुणी समजावून सांगितलेलंच नसतं.

आमच्या हक्कपत्रावर मुदत ५० वर्षांची आहे आणि ती संपण्याआधी अर्ज केला तर वाढवून मिळते. मुदत असणं मला गैर वाटत नाही. पॅरिसच्या नगरपालिकेच्या दफनभूमींत १०, ३० किंवा ५० वर्षांसाठी जागा मिळते, कायमचीही मिळते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७७ च्या आदेशाप्रमाणे स्थानिक संस्थेला एका वेळी जास्तीत जास्त १०० वर्षांचा हक्क देता येतो. सिंगापूरने १९९८ पासून कबरीची मुदत १५ वर्षांवर आणली, आणि हाँगकाँगच्या सार्वजनिक दफनभूमीत शवपेटीसह केलेल्या दफनाला ६ वर्षंच मिळतात. त्या मानाने ५० वर्षं पुष्कळ झाली. पण ही मुदत घरच्यांना पहिल्याच दिवशी कळली पाहिजे. भाऊजींच्या वेळी आम्हाला पावती मिळाली, नियमावली मिळाली नाही. मागितली की देतात, न मागता देत नाहीत. घरातलं माणूस गेलेलं असताना नियमावली मागायचं कुणाला सुचेल? चार पानांची तर आहे. पावतीला टाचून द्यायला काय हरकत आहे?

आता जे उत्तम आहे त्याबद्दल.

भाऊजींच्या वेळी तिथल्या अधीक्षकांनी अर्ज हातात घेतल्या घेतल्या विचारलं होतं, "पुढे याच कबरीत दुसऱ्या कुणाची सोय करायची आहे का? असेल तर आजच सांगा, खोली आजच ठरते." त्या क्षणी हा प्रश्न कठोर वाटला, पण तो विचारणं हेच त्यांचं काम होतं आणि त्यांनी ते हलक्या आवाजात, अक्काला बाजूला बसवून केलं. अक्का लगेच हो म्हणाली.

खोलीचा हिशेब सोपा आहे, पण तो आधी करावा लागतो. इथला नियम असा की वरच्या शवपेटीच्या झाकणावर आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीपासून निदान ३ फूट माती असली पाहिजे, आणि दोन पेट्यांच्या मध्ये निदान ६ इंच मातीचा थर. इंग्लंडच्या १९७७ च्या आदेशातही हीच मापं आहेत. पेटी साधारण दीड फूट उंचीची धरली तर ३ फूट वरची माती, दीड फूट वरची पेटी, अर्धा फूट मधली माती आणि दीड फूट खालची पेटी, असे साडेसहा फूट होतात. अधीक्षकांनी ७ फूट खोदायला सांगितलं. हा जादा अर्धा फूट कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, तळ कधीच सपाट निघत नाही आणि खालच्या पेटीवरची माती नेमकी किती दबेल ते सांगता येत नाही, थोडी सूट हवी. मोजणीतल्या माणसाला हे उत्तर पटण्यासारखंच होतं. पहिल्या वेळी ५ फुटांवर थांबले असते तर अक्कासाठी दुसरी जागा शोधावी लागली असती, आणि त्या ओळीत शेजारी एकही जागा शिल्लक नव्हती.

अक्का गेली तेव्हा कार्यालयात अधीक्षक नवे होते, लिपिकबाईही नव्या होत्या. मी हक्कपत्राची प्रत पुढे केली. बाईंनी संगणकात क्रमांक घातला तर ओळ ४१ दिसली. हक्कपत्रावर ओळ १४ होती. माझ्या पोटात गोळा आला. अशा वेळी बरीच कार्यालयं संगणकात आहे तेच खरं धरतात. बाई म्हणाल्या, "काका, थांबा. आधी वही बघू, मग जागेवर जाऊ." त्यांनी कपाटातून जाड पुठ्ठ्याची नोंदवही काढली आणि भाऊजींच्या दफनाच्या तारखेवरून पान शोधलं. नाव, वय, तारीख, विभाग, ओळ १४, जागेचा क्रमांक, आणि शेवटून दुसऱ्या रकान्यात शाईने "खोली ७ फूट, दोन थर". त्यापुढे खोदणाऱ्या मुकादमाची सही. मग बाईंनी भिंतीवरच्या नकाशात ती जागा दाखवली, तिथला क्रमांक जुळला, आणि त्यांनी संगणकातली चूक दुरुस्त करण्यासाठी वेगळ्या कागदावर टिपून ठेवली. माझ्यासमोर, तेव्हाच.

मला या दफनभूमीबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या वहीमुळे. दगड पडतो, खुंटी उपटली जाते, कुंपण सरकतं. जमिनीत कोण कुठे आहे हे शेवटी वही आणि नकाशा मिळूनच सांगतात, आणि दोन्ही एकमेकांशी जुळले नाहीत तर एका घराची कबर दुसऱ्या घरासाठी उघडली जाऊ शकते. दफनभूमी चालवणाऱ्याच्या हातून याहून मोठी चूक होऊ शकत नाही. इथे दफनाची नोंद त्याच दिवशी होते, वहीची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवतात, आणि खोलीचा रकाना रिकामा सोडत नाहीत. कुणी विचारलं की महापालिकेची दफनभूमी घ्यावी की नको, तर मी आधी त्यांची वही बघून या असं सांगतो.

खोदण्याच्या वेळी मी थांबलो होतो. मुकादमाने आधी चारही कोपऱ्यांवर खुंट्या मारून दोरी बांधली, फीत लावून दोन्ही कर्ण मोजले, ते सारखे आल्यावरच पहिली कुदळ पडली. निघालेली माती ताडपत्रीवर टाकत होते, शेजारच्या कबरींवर नाही. कमरेच्या खाली गेल्यावर कडांना फळ्या लावल्या, कारण एकदा उकरून भरलेली माती मूळच्या जमिनीसारखी घट्ट राहत नाही, कडा ढासळतात. शेवटचं खोदकाम त्यांनी कुदळ बाजूला ठेवून फावड्याने, हळूहळू केलं. मधला मातीचा थर जराही कमी होणार नाही याची काळजी घेणारी ती माणसं होती. त्यांना हातमोजे आणि चांगले बूट महापालिकेने द्यायला हवेत. एकाच्या पायात साधी चप्पल होती.

दोन कबरींमधलं अंतर इथे ठीक आहे, चालायला जागा राहते. हा नियम फार जुना. फ्रान्समध्ये १२ जून १८०४ रोजी जो हुकूम निघाला त्यात प्रत्येकाला वेगळा खड्डा, खोली दीड ते दोन मीटर, रुंदी ८० सेंटिमीटर, दोन खड्ड्यांच्या बाजूंमध्ये ३० ते ४० सेंटिमीटर मोकळी जागा, इतक्या बारकाईने मापं लिहिली आहेत. दफनभूमीभोवती निदान २ मीटर उंचीची भिंत हवी हेही त्यातच. ते वाचताना मला आमच्या खात्यातलाच कुणी ते लिहायला बसला होता असं वाटलं. इथल्या जुन्या विभागात मात्र हे अंतर पाळलेलं नाही. तिथे एका कबरीच्या चौथऱ्यावर पाय दिल्याशिवाय पुढच्या कबरीपर्यंत जाता येत नाही, म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात.

दगडाच्या बाबतीत घाई करू नका. नियमाप्रमाणे दफनानंतर वर्षभर कायमचा दगड बसवता येत नाही, तोवर नाव आणि क्रमांकाची छोटी पाटी लावतात. घरच्यांना याचा राग येतो, आम्हालाही भाऊजींच्या वेळी आला होता. पण भरलेली माती खचत राहते, आणि पुढे पेटी दबली की पुन्हा खचते. पाया पक्का नसेल तर दगड पुढे झुकतो, आणि अडीच-तीन फूट उंचीचा दगड लहान मुलावर पडला तर काय होईल याचा विचार करा. आमच्या शेजारच्या ओळीत एक दगड असा झुकला होता. त्याला लाकडी टेकू देऊन दोरी बांधली होती आणि घरच्यांसाठी चिठ्ठी लावली होती. ही तत्परता चांगली. दगडाची उंची, रुंदी आणि पायाची जाडी अर्जात लिहावी लागते, मजकूरही आधी दाखवावा लागतो. कबर पुन्हा उघडायची तर दगड आधी उतरवावा लागतो आणि त्याचा खर्च घरच्यांचा, हे अक्काच्या वेळी आम्हाला आदल्या संध्याकाळी कळलं. गवंडी मिळाला म्हणून निभावलं.

फुलांबद्दल थोडक्यात. ताजी फुलं केव्हाही ठेवा, वाळली की तेच उचलतात. काचेचं भांडं चालत नाही, गवत कापताना फुटतं. झाडं जमिनीत लावायला बंदी आहे, मुळं शेजारच्या जागेत जातात. हे सगळं मान्य. पण गेल्या वर्षी भाचीने ठेवलेल्या दोन कुंड्या कुणालाही न कळवता उचलून नेल्या. नियम होता, पण फाटकावर तो लिहिलेला नव्हता. निदान महिनाभर आधी फलक लावायला हवा होता.

माझी खरी तक्रार वारसांबद्दल आहे, आणि ती गंभीर आहे.

हक्कपत्र एकाच्याच नावावर असतं. आमचं भाऊजींच्या नावावर होतं. ते गेल्यावर अक्काचं नाव लागायला हवं होतं, तसं कुणी सांगितलं नाही. अक्काही गेली, तिला त्या कबरीत जागा मिळाली कारण वहीत "दोन थर" लिहिलेलं होतं आणि मुलांनी प्रतिज्ञापत्र दिलं. पण त्यानंतर दगडावर अक्काचं नाव कोरायचं म्हटलं तर अर्जावर हक्कदाराची सही हवी, आणि हक्कदार तर त्याच कबरीत. मग तिन्ही मुलांची संमती, दोन मृत्यूचे दाखले, मूळ हक्कपत्र, आणि एक मुलगी परदेशात. नावाची चार अक्षरं दगडावर यायला कित्येक महिने गेले.

याहून वाईट म्हणजे मुदत संपत आल्याची नोटीस नोंदवहीतल्या शेवटच्या पत्त्यावर जाते. आमच्या वहीत जो पत्ता होता ते घर भाऊजींनीच विकलं होतं. उत्तर आलं नाही तर कबरीवर सूचना लावतात, कार्यालयाच्या फलकावर यादी लावतात, आणि त्यानंतर हक्क संपल्याचं धरतात. लंडनमध्ये २००७ च्या कायद्याने हक्क संपलेल्या आणि ७५ वर्षांहून जुन्या कबरी पुन्हा वापरता येतात, पण तिथेही नातेवाइकांनी हरकत घेतली तर थांबावं लागतं. हरकत घ्यायची तर आधी कळलं पाहिजे. अर्जावर फोन नंबर घेतात. तो वापरत का नाहीत? मी अधीक्षकांना हे विचारलं, त्यांनी नियमात फक्त टपालाचा उल्लेख आहे असं सांगितलं. नियम बदलायला महापालिकेत ठराव लागतो हे मला कळतं. पण नोटीस पाठवताना एक फोन करायला कुठलाच नियम आडवा येत नाही.

ज्यांच्या घरची कबर अशा ठिकाणी आहे त्यांनी हक्कपत्र शोधून काढा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते पाहा. ती व्यक्ती हयात नसेल तर वारस नोंदीचा अर्ज लगेच द्या, भावंडं एका गावात असताना सह्या मिळतात. पत्ता बदलला की लेखी कळवा आणि पोचपावती घ्या. आम्ही आता भाचीचं नाव लावलं आहे. अर्जाच्या नमुन्यात दुसऱ्या संपर्कासाठी रकानाच नाही, म्हणून माझा आणि धाकट्या भाच्याचा नंबर आम्ही समासात लिहून दिला. लिपिकबाईंनी तो वहीतही उतरवला आणि आमच्या प्रतीवर शिक्का मारून दिला.